बदकाची मान

आज पाच वाजता मला चष्म्याच्या दुकानात घेऊन चल, असं आई म्हणाली तेव्हा माझा एक पाय बुटात होता आणि दुसरा नुसत्या मोज्यात. दुकानदाराला तिनं परस्पर फोनही केला होता, आणि तोही बिचारा हो म्हणून बसला होता. "ती पत्रं लिहितो ना तो मुलगा, त्याला एकदा भेटायचंय मला," ती म्हणाली आणि रुमालानं भिंग पुसायला लागली. दुसरा बूट डोळ्यांसमोर होता, पण मला तो बराच वेळ सापडेना. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर 'भोगा आता' असं स्वच्छ वाचता येत होतं, त्याला भिंग लागत नव्हतं. मी बरं म्हणालो. चारला निघतो, असंही म्हणालो. आईनं कपाटातले इस्त्रीचे कपडे काढून पलंगावर मांडले होते. शाळेत तपासणी असायची त्या दिवशी ती असेच मांडायची. मी जिना उतरलो तेव्हा बुटाची नाडी सुटलेली होती, आणि खाली पोचेपर्यंत मी ती बांधली नाही.

कारण तसा मुलगा कुठंच नाही. हे मला माहीत आहे, बायकोला माहीत आहे, चष्मेवाल्यालाही माहीत आहे. ती पत्रं छापखान्यातला एक टाइप लिहितो. हातानं लिहिल्यासारखा, एका अक्षरातून दुसऱ्यात ओघळत जाणारा, देखणा टाइप. आणि तो पत्रात बसवणारा माणूस मी. आमच्या प्रेसमध्ये दुकानांची, दवाखान्यांची, विमेवाल्यांची पत्रं तयार होतात. हजारोंनी छापायची, पण ज्याच्या हातात पडेल त्याला वाटलं पाहिजे की कुणीतरी सवडीनं बसून आपल्यासाठी लिहिलंय. माझी सगळी विद्या एवढीच. आता आईला हे सांगायचं तर कसं? तिचा एक डोळा गेल्यातच जमा आहे. दुसऱ्याबद्दल विचारलं की डॉक्टर खिडकीबाहेर बघतात. वर्तमानपत्र सुटलं, शिवण सुटलं, जिन्यात भेटणारी माणसं ती आवाजावरून ओळखते. राहिलं आहे ते एकच, अक्षर बघून माणूस ओळखणं. जन्मभर तिनं शाळेत पोरांना अक्षर वळवायला शिकवलं. आजही कुणाची चिठ्ठी आली की भिंग लावून ती सांगते, हा माणूस उधळ्या आहे, ही बाई मनात कुढते, ह्याला खोटं बोलताना घाम फुटतो. खरं निघतं की नाही कुणी तपासत नाही, पण तिचा त्यावर विश्वास आहे आणि त्या विश्वासावर ती सकाळी उठते. अशा बाईला सांगायचं की तू वर्षभर पत्रं तपासून ज्याला शिकवत होतीस तो माणूस नाही, मशीन आहे, तर मग तिच्याकडे उरलं काय? आणि सांगायचं नाही तर पाच वाजता ती त्या दुकानात उभी राहणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

रस्त्यावर त्या दिवशी जिकडेतिकडे नवरीच दिसत होती. टाइपाचं खरं नाव लांबलचक आहे, प्रेसमध्ये आम्ही त्याला नवरी म्हणतो, कारण तो कायम नटलेला असतो आणि कामाला हात लावत नाही. केस कापायच्या दुकानाच्या काचेवर नवरी. बेकरीच्या गाडीवर नवरी, तिथं ती शोभतही होती: मोठी, एकटी, आजूबाजूला भरपूर मोकळी जागा. पण पुढं एका दवाखान्याच्या जिन्याशी 'आग लागल्यास इकडून बाहेर पडा' असं कुणीतरी नवरीत लिहून ठेवलं होतं. आग लागल्यावर माणसानं अक्षरांचे लफ्फे बघत उभं राहायचं काय? एरवी मी हसून पुढं गेलो असतो, त्या दिवशी मला त्या पाटीचा संताप आला. गिऱ्हाइकांना मी हजारदा सांगतो, की बाबांनो, नवरीला गर्दीत उभं करू नका. तिला बारीक करू नका, तिच्यात पत्ते, फोन नंबर, औषधाचे डोस लिहू नका. तिच्या अक्षरांमध्ये जागा सोडू नका, हात सुटले की ती केविलवाणी दिसते. तिला मोठं काही वाचून दाखवायला लावू नका, दुसऱ्या परिच्छेदाला माणूस कंटाळतो. आभार, आमंत्रण, अभिनंदन, अत्तराच्या खोक्यावरचं नाव, प्रमाणपत्रावर मुलाचं नाव, एवढं तिला द्या आणि बघा. जिथं माणूस थांबून वाचणार आहे तिथं ती. जिथं धावत वाचणार आहे तिथं नाही. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि शेवटी विचारतं, सगळंच तिच्यात केलं तर जास्त पैसे पडतील का.

चष्मेवाल्याचं पत्र हे नवरीचं मी केलेलं सगळ्यात चांगलं काम होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याची गिऱ्हाइकं म्हातारी. पत्र पाच ओळींचं: आपल्या डोळ्यांची तपासणी करून घेण्याची वेळ झाली आहे, आम्हाला आपली आठवण आहे, अवश्य यावे. मी नवरीला मोठी केली, दोन ओळींमध्ये हवा खेळेल एवढं अंतर ठेवलं, शाई निळी पण दौतीतल्यासारखी जरा फिकट. कागद हाताला खरखरीत लागणारा. छापून आलं तेव्हा मी ते पत्र लांब धरून बघत राहिलो. माझं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. किराणा आणायची चिठ्ठी मी लिहिली तर दुकानात मलाच वाचता येत नाही. ज्याला लिहिता येत नाही त्यानं दुसऱ्यांसाठी सुंदर पत्रं करावीत, यात मला गंमतही वाटायची आणि कुठंतरी बोचायचंही. आईचं नाव त्या चष्मेवाल्याच्या गिऱ्हाइकांत आहे हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

आणि मग एका सकाळी मालक हसत हसत एक कागद नाचवत आले. चष्मेवाल्यानं पाठवला होता, तुमचं काम तुम्हीच निस्तरा म्हणून. आमचंच पत्र कुणीतरी तपासून परत केलं होतं. सगळे गोळा झाले आणि मालकांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मला ऐकायची गरज नव्हती. तांबडी शाई दुरून दिसली आणि आईचं अक्षर मी तिथूनच ओळखलं. समासात, सरळ रेषेत, एकही अक्षर न हलता लिहिलं होतं: अक्षर उत्तम आहे, मनापासून अभिनंदन. फक्त बदकांच्या माना सगळ्या सारख्या आहेत. इतकं सारखं लिहिणारा माणूस भित्रा असतो. घाबरू नका. बदक म्हणजे काय हे तिथं कुणालाच कळलं नाही. मशीनवाला म्हणाला, म्हातारी चळलेली दिसते. सगळे हसले, मीही हसलो. तो कागद मात्र मी टेबलाच्या खणात ठेवला आणि दिवसभर तो खण सारखा उघडत होतो.

बदक म्हणजे पोट खाली, मान वर असलेलं ते अक्षर. गळ म्हणजे खाली वाकडं होणारं. आईच्या वर्गात अक्षरांना अशी नावं असायची, घडा, गळ, शेपटी, बदक, आणि मीही त्याच वर्गात होतो. घरी आई आणि शाळेत बाई. चुकून वर्गात आई म्हणालो की पोरं हसायची, आणि घरी चुकून बाई म्हणालो की ती हसायची. मी डावरा. माझी बदकं सगळी पाठीवर पडलेली, माना मागे टाकलेली. ती म्हणायची, तुझी बदकं झोपलीत, उठव त्यांना. मारलं तिनं कधीच नाही, एक चापटसुद्धा नाही. अभ्यासाला बसलं की ती माझ्या डाव्या हातात लोकरीचा मोजा घालायची, कोपरापर्यंत, आणि वरून रबर. मोज्यातला हात मांडीवर ठेवायचा. लोकर खाजायची, आत घाम यायचा, त्याला एक ओलसर वास यायचा. उजव्या हातातलं पेन कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं कागदावर घसरायचं. ती शेजारी बसून शांतपणे बघायची आणि तांबड्या पेनानं गोल करायची. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही, तेव्हा सगळीकडे हेच चालायचं, शिवाय बाईच्याच पोराचं अक्षर वाकडं म्हटल्यावर लोक काय म्हणतील. पण मोजा काढल्यावर हात पांढरा फटक दिसायचा आणि मी तो पाण्याखाली धरून उभा राहायचो, ते पाणी अजून हाताला आठवतं. आज मी उजव्या हातानं सही करतो आणि बाकी सगळं डाव्यानं: कुलूप उघडतो, दाढी करतो, माउस धरतो. आईनं हे कधी बघितलं का, कोण जाणे. आमच्यात तो विषय निघत नाही.

खरं म्हणजे त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन मी सांगून टाकायला हवं होतं. तेव्हा ते सोपं होतं, एक हसू आणि विषय संपला असता. पण आईनं दारातच ते पत्र दाखवलं. परत करण्याआधी तिनं त्याची झेरॉक्स काढून ठेवली होती, शिक्षिकेची शिस्त. माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "बघ. याला म्हणतात अक्षर." आणि माझ्या जिभेवर आलेलं सगळं परत खाली गेलं. बावन्न वर्षांच्या माणसाला एका टाइपाचा मत्सर वाटावा, यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. पण वाटला. मी म्हणालो, हो, छान आहे. जेवलो, झोपलो, आणि सकाळी प्रेसमध्ये सगळ्यांच्या आधी जाऊन नवरीची आमच्याकडची प्रत उघडली. बदक शोधून समोर घेतलं. टाइपात एकाच अक्षराची दोन-तीन रूपं भरून ठेवता येतात, आळीपाळीनं येतात, म्हणजे वाचणाऱ्याला कंटाळा येत नाही. मी कॉम्प्युटरला जोडलेल्या पाटीवर नवं बदक काढायला बसलो. आधी उजव्या हातानं, ते लाकडी आलं. मग मी कधी पेन या हातातून त्या हातात घेतलं ते माझं मलाही कळलं नाही. एकदम जमलं. एक बदक जरा आळसावलेलं, एक मागं वळून बघणारं. मालकांनी बघितलं आणि म्हणाले, नवीन बदक झोकात आहे, ठेव.

पुढच्या पत्राला आईनं भिंग लावलं आणि ते ओळीओळीवरून फिरवलं. मग तिनं नुसतं हं केलं. "सांगितलेलं ऐकतो हा," ती म्हणाली. "तुझ्यासारखा नाही." त्या रात्री बायकोला हे सांगताना मला हसू आवरेना. तिला मात्र हसू आलं नाही. ती म्हणाली, हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतोस, आत्ताच सांग. मी म्हणालो, सांगतो. पण तांबड्या शाईतलं उत्तर चष्मेवाल्यामार्फत परत माझ्या टेबलावर आलं: शेवटच्या अक्षराचा लफ्फा फार लांब ओढता, पाहुण्यानं दारात रेंगाळू नये. खरंच होतं ते. इतकी वर्षं नवरीचा तो लफ्फा माझ्या डोळ्यांत खुपत होता आणि कशामुळे ते कळत नव्हतं. मी तो आखूड केला. मग ती म्हणाली, ओळीच्या शेवटी माणसाचा हात थकतो, तुमचा थकत नाही. मी ओळी शेवटाला केसभर खाली उतरवल्या, शाई किंचित फिकट केली. मग जोडावर बोलली, मग कान्यामात्रांवर. दर वेळी तिचं म्हणणं एका ओळीचं असायचं आणि दर वेळी माझा त्यावर आठवडा जायचा. चष्मेवाल्याची पत्रं कधीतरीच निघत, तेवढ्यानं भागेना, म्हणून मी न सांगितलेली पत्रं काढायला लागलो, एकाच प्रतीची. आपल्या चष्म्याची दांडी सैल झाली असल्यास. हिवाळ्यात डोळे कोरडे पडत असल्यास. कागद तोच, पाकीट तेच, तिकीट माझ्या खिशातलं. डाव्या हातातलं ते पेन आता मी सोडत नव्हतो. गळ, घडा, शेपटी, एकेक करून सगळी अक्षरं मी नव्यानं काढली. तिच्या तांबड्या शाईखाली, तिच्या शेजारी न बसता. अवघड होतं, पण सुख होतं. इतकं सुख मला लहानपणी त्या टेबलाशी मिळालं असतं तर मी कोण झालो असतो, असा एक मूर्ख विचार मनात येई आणि मी तो घालवत नसे.

आता त्या सुखाचं बिल आलं होतं. प्रेसमध्ये मी एका ठिकाणी बसू शकत नव्हतो. एका दागिन्यांच्या दुकानाचं आमंत्रण लावायचं होतं, चार ओळींचं, नवरीसाठीच जन्मलेलं काम, आणि माझं त्यात लक्ष नव्हतं. मी चष्मेवाल्याला फोन केला. तो भला माणूस आहे, त्याला वाटलं होतं की आजीबाई येतील, चहा पितील, जातील. मी म्हणालो, तिला तो मुलगा दाखवावा लागेल. त्यानं विचार केला आणि सांगितलं की काचा घासायला त्याच्याकडे एक जण आहे, सभ्य आहे, जास्त बोलत नाही, त्याला टेबलाशी बसवू. ठरलं. फोन ठेवला आणि मला बरं वाटलं. चहा घेतला. चहाचा कप खाली ठेवला नाही तोच मला पुढचं दिसायला लागलं. आई त्या काचा घासणाऱ्यासमोर बसेल, त्याची चौकशी करेल, आणि मग पर्समधून कागद काढून म्हणेल, एक ओळ लिहून दाखव बाळ, तुझा हात कसा चालतो ते बघायचंय. ती म्हणणारच. त्यासाठीच ती चालली आहे. तो माझ्याकडे बघेल. तो घाबरून काहीतरी खरडेल आणि आई भिंग लावेल. आणि ते भिंग खाली ठेवताना तिचा चेहरा कसा होईल, ते मला इतकं स्पष्ट दिसलं की मी उठून खिडकीशी गेलो. खाली रस्त्यावर एक माणूस पाटी रंगवत होता, शिडीवर चढून, सगळे खाली उभे राहून बघत असताना. त्याचा हात हलत नव्हता. मी परत फोन केला आणि चष्मेवाल्याला म्हणालो, राहू द्या, कुणाला बसवू नका. तो म्हणाला, मग काय सांगू त्यांना. मी म्हणालो, मीच सांगतो.

सांगतो म्हणणं सोपं. घराकडे निघालो आणि वाटेत दहा प्रकारे सांगून बघितलं. विनोदानं: आई, तुझा विद्यार्थी मशीन निघाला. गंभीरपणे: आई, बस, एक बोलायचंय. माफी मागून, न मागता. एकदा तर स्वतःवर चिडून: तुलाच कसं कळलं नाही, तू तर अक्षरावरून माणूस ओळखतेस ना. हे शेवटचं मनात आलं आणि माझी मलाच भीती वाटली, कारण ते वाक्य तयार होतं, बरीच वर्षं तयार होतं, आणि त्याचा त्या पत्रांशी काही संबंध नव्हता. मला तिला वाचवायचं होतं की हरवायचं होतं? वर्षभर मी तिच्या तांबड्या शाईसाठी धडपडलो, आणि त्या सगळ्या काळात एक पत्रही मी तिला काय वाटत असेल असा विचार करून लिहिलं नव्हतं. दर वेळी अक्षराकडे बघत होतो. मजकूर कसलाही घ्यायचो, दांडी सैल, डोळे कोरडे. आमच्या घराच्या कोपऱ्यावरच्या केस कापायच्या दुकानाची काच कुणीतरी पुसत होतं, आणि ओल्या काचेवर नवरी वाहून गेल्यासारखी दिसत होती. मी तिथं थोडा वेळ उगाच उभा राहिलो आणि मग घरी गेलो.

आई टेबलाशी बसली होती. पलंगावरचे इस्त्रीचे कपडे पलंगावरच होते. तिच्या अंगावर घरातलेच कपडे, आणि समोर सगळी पत्रं, परत केलेल्यांच्या झेरॉक्स धरून, आली त्या क्रमानं, पत्त्यांचा डाव मांडल्यासारखी. एका बाजूला भिंग, एका बाजूला तांबडं पेन. बायको कामावरून यायची होती. मी विचारलं, जायचं ना, आणि माझा आवाज मला पोरासारखा वाटला.

"दुकानात कोण आहे भेटायला?" ती म्हणाली. "बस."

मी बसलो. तिनं शेवटचं पत्र माझ्याकडे सरकवलं आणि सांगितलं की यात आता काढायला एकही चूक उरली नाही, म्हणून सकाळपासून तिला करमत नाही. मग ती थोडा वेळ पत्रांवरून नुसता हात फिरवत राहिली. मी म्हणालो, आई, मला तुला एक सांगायचंय. ती म्हणाली, आधी माझं ऐक. आणि तिनं अगदी पहिलं पत्र उचललं. भिंग लावलं नाही.

"हे आलं तेव्हाच कळलं होतं मला, हे माणसानं लिहिलेलं नाही. पाच ओळी झाल्या तरी हात थकत नाही, असा माणूस मी बघितला नाही. पण हातात पेन होतं, तपासून टाकलं. जित्याची खोड." तिनं दुसरं पत्र उचललं. "मग हे आलं. यात मान हलली. मशीन कुणाचं ऐकतं का? म्हटलं, पलीकडे कुणीतरी बसलंय."

स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, तो बंद करायला उठावं असं वाटलं, पण उठलो नाही. आईनं ते पत्र माझ्या अगदी जवळ आणलं आणि नख एका अक्षरावर टेकवलं. ते बदक होतं, मागं वळून बघणारं, मालकांनी झोकात आहे म्हटलेलं. त्याची मान मागे पडली होती. वर्षभर मी ते रोज बघत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं.

"हे झोपलेलं बदक मी कुठंही ओळखेन," ती म्हणाली. "एका डोळ्यानं."

मग तिनं सगळी पत्रं गोळा केली, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या. ती रागावलेली नव्हती, आणि तेच मला सोसत नव्हतं. ती सांगत होती की अक्षर सुधारलं, फार सुधारलं, असं वळण तिच्या हातून कुणाचं झालं नाही. पण मजकुराचं काय? वर्षभर पत्रं येतात आणि सगळी डोळ्यांची. तपासून घ्या, पुसून घ्या, थेंब घाला. दर वेळी पाकीट फोडताना तिला वाटायचं, आता तरी. "एवढं शिकला," ती म्हणाली, "पण एकदा विचारलं नाही त्यानं, तुम्हाला दिसायचं बंद होतंय तर भीती वाटते का."

मी म्हणालो, वाटते का. तोंडानं म्हणालो, आणि तिनं मान हलवली, तसं नाही. खणातून एक कोरा कागद काढला आणि चाचपून माझ्यासमोर सरळ ठेवला. मग निळं पेन. ते हातात धरून ती जराशी थांबली, जणू टेबलाची कड शोधत होती, आणि तिनं ते माझ्या डाव्या हाताशी ठेवलं.

माझा हात मांडीवर होता. तो मी केव्हा मांडीवर ठेवला ते मला आठवत नाही. तो उचलून वर आणायला फार वेळ लागला. पहिलं अक्षर वाकडं आलं. डाव्या हातानं लिहिताना तळवा ओल्या शाईवरून जातो, हे मी विसरलो होतो. दुसऱ्या शब्दापाशी पहिला पुसट झाला आणि हाताच्या कडेला निळा डाग पडला. ओळ खाली उतरत गेली. बदकं एकजात पाठीवर पडली. कुणाला वाचता येईल असं ते अक्षर नव्हतं, आणि मी लिहीत राहिलो, तिला भीती वाटते का, मलाही वाटते, आणि मोज्याबद्दल, आणि पाण्याबद्दल. आईनं तांबडं पेन टोपण लावून बाजूला सारलं आणि भिंग उचललं.